जनीने शिवेवर भरवलेली शाळा

जनी ठाकरीण दिसायला काटकुळी, पण आवाज असा की पलीकडच्या माळावर चरणारी गुरं मान वर करून बघायची. त्या आवाजाने एका चैत्रात आमच्या करंजठाणची शाळा वाचवली. नाहीतर मी हे चार शब्दसुद्धा लिहू शकले नसते. तशी मी शिकलेय किती, तर तिसरीपर्यंत. जोडाक्षर आलं की अजून हात थबकतो. नातीला सांगून ठेवलंय, चुका काढत बसू नको, वाचता येतंय ना, मग झालं.

करंजठाण कर्जत आणि खालापूरच्या मधलं गाव. शाळा लोकल बोर्डाची, म्हणजे मास्तर बोर्डाचा आणि जागा सहदेव पाटलांची. पाटलांच्या लांबलचक पडवीत एका अंगाला आम्ही पोरं आणि दुसऱ्या अंगाला त्यांचे बैल. मास्तरांनी प्रश्न विचारला आणि कुणालाच उत्तर आलं नाही की एखादा बैल हमखास फुरफुरायचा. वाल्मिक मास्तर म्हणायचे, "निदान हा तरी प्रयत्न करतोय." शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर कर्जत गाठायचं. पण त्याला आधी चौथी पास झालेलं पोर लागतं, आणि तसं पोर गावाने तोवर बघितलं नव्हतं.

जनी डोंगराच्या पोटाशी असलेल्या ठाकूरवाडीतली. लग्न होऊन माथेरानला गेली होती. तिचा नवरा तिथे पाहुण्यांना खुर्चीत बसवून खांद्यावरून वाहायचा. तो तापाने गेला, पोर नव्हतं, म्हणून ती भावाकडे परत आली. भावाचं नाव जैतू. त्याची बायको बाळंतपणात गेलेली, आणि मागे राहिलेली धाऊ जनीनेच वाढवली. माथेरानहून जनीने एकच गोष्ट बरोबर आणली होती. तिथल्या एका हाटेलात पोरं सांभाळणारी बाई होती, मडम नव्हे, आमच्यातुमच्यासारखीच, पण तिला वाचता येत होतं. "तिला समदी 'अवो बाई' म्हनायची," जनी सांगायची, "आन मला 'ए'. काम तिचं हलकं, माझं भारी. मंग मी म्हनलं, आमच्या धाऊला कुनी 'ए' म्हनता कामा नाय."

एवढ्यावर तिने धाऊला शाळेत घातलं. एकटी पोर डोंगर कशी उतरणार, म्हणून शेजारची दोन घेतली, मग चार, मग सगळी वाडीच तिच्या मागून यायला लागली. रोज सकाळी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन ती कर्जतला विकायला निघे आणि वाटेत पोरांना पाटलांच्या पडवीत सोडून जाई. गवत माणसाच्या उंचीचं झालं की वाटेत वाघराची धास्ती. मग सगळ्यांनी मोठ्याने पाढे म्हणत उतरायचं, असा तिचा कायदा. "मला लिवता येत नाय," ती मास्तरांना म्हणाली, "पन तुमच्या बे एकं बेला वाघ भितो, येवढं कळलंय."

जैतूला हे आवडत नव्हतं. तो भगत. पंचक्रोशीत कुणाला ताप आला, गाय आटली, बाळ रडलं की बोलावणं त्याला. तो म्हणे, शाळेत गेलेलं पोर रानात वाट चुकतं. बहिणीपुढे त्याचं चालत नव्हतं असं नाही. चालत होतं, पण जनी सकाळी तो उठायच्या आत पोरं घेऊन निघायची, आणि संध्याकाळी तो म्हणायचा, उद्यापासून नाय. तो उद्या काही आला नव्हता.

आता डिपोटीचं सांगते. डिपोटी म्हणजे शाळा तपासणारा साहेब. आदल्या वर्षी तो नेमका राबाच्या दिवसांत आला. त्या दिवसांत शेतात पालापाचोळा आणि शेण पसरून जाळायचं असतं, पुढे त्याच जागेत भाताचं रोप पेरायचं असतं. बारकंसारकं पोरसुद्धा पाटी टाकून पाला वाहतं. साहेबाला पडवीत बैल जास्त आणि पोरं कमी दिसली. त्याने मास्तरांना बजावलं, "पुढच्या खेपेला तीस मुलं हजर पाहिजेत आणि चौथीत एक तरी पास पाहिजे. नाहीतर बोर्डाला ही शाळा परवडत नाही." मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या वर्षी चौथीत बसणारी दोनच पोरं होती. एक पाटलांचा गजा, दुसरी धाऊ. गजाकडून बैलाइतकीच आशा होती. राहिली धाऊ.

वर्षभर सगळं ठीक चाललं. गावातली पोरं आणि वाडीतली पोरं मिळून तीसच्या वर भरत होती. डिपोटी चैत्र सरताना येणार असं कळलं होतं. आणि त्याच्या आधीच शेजारच्या गावात पटकी लागली.

पटकी, म्हणजे कॉलरा, ती काय असते ते आताच्या पोरांना सांगून कळायचं नाही. सकाळी आंबे पाडणारं माणूस संध्याकाळी जात होतं. त्या गावात एका घरातली दोन लेकरं गेली आणि पाटलांनी जैतूला बोलावून आमच्या गावाची शीव बांधायला सांगितली. जैतूने गावाभोवती फेरी मारली, भाताच्या मुठी टाकत, मंत्र पुटपुटत, आणि ओढ्याकडच्या वेशीवर लिंबाच्या डहाळ्यांचं तोरण बांधलं. तोरणाखाली राखेची रेघ ओढली. उगवत्या सूर्यापासून पुढच्या उगवत्या सूर्यापर्यंत आतलं माणूस बाहेर जायचं नाही, बाहेरचं आत यायचं नाही, आणि आतबाहेर वस्तूही न्यायची नाही. घरात जातं फिरवायचं नाही, मुसळ उचलायचं नाही. आणि जैतूने तोरणाखाली त्या रेघेवरच बसून राहायचं, तोंडातून एक शब्द न काढता. तो बोलला की बांधलेलं सुटलं. सुटलं की मरीआई, पटकीची देवी, आत आली.

वाडी शिवेबाहेर. म्हणून त्या दिवशी वाडीतली पोरं शाळेत येणार नव्हती. मास्तरांनीही शाळेला सुट्टी दिली होती. आम्ही पोरं वेशीच्या आतल्या बाजूने जैतूला बघत उभी होतो, कारण दुसरं काही करायची परवानगी नव्हती.

तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडून हाक आली.

"मास्तर! अवो मास्तर! डिपोटी आला!"

जनी धावत येत होती. कर्जतच्या वाटेवर तिला एक दमणी, छपराची बैलगाडी, भेटली होती, आत काळा कोट आणि चष्मा घातलेला माणूस. त्याने तिलाच विचारलं, करंजठाणची शाळा कुठे. तिने मोळी तिथेच वाटेवर टाकली आणि आडवाटेने पळत सुटली. दिवसभराच्या भाकरीची मोळी होती ती.

मास्तर धोतर सावरत वेशीवर आले. तोंड पांढरंफटक. "आज? पण साहेब तर महिनाअखेरीला..."

"त्ये त्यांना जाऊन सांगा," जनी म्हणाली. "आता दमनी ओढ्यात उतरली आसंल."

पाटील आले, मागून काठ्या घेऊन चारसहा बाप्ये आले. पाटील काही वाईट माणूस नव्हते. घरात नातवंडं होती, आणि शेजारच्या गावातल्या चितांचा धूर सगळ्यांनी पाहिला होता. "मास्तर," ते म्हणाले, "साहेब असो नायतर गव्हर्नर असो. आज आत कुनी येनार नाय."

दमणी आली. डिपोटी खाली उतरले, छत्री उघडली, तोरणाकडे बघितलं, रेघेवर बसलेल्या जैतूकडे बघितलं आणि मास्तरांकडे बघितलं.

"हे काय आहे?"

मास्तरांनी हात जोडून सगळं सांगितलं. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"म्हणजे शाळा बंद आहे," साहेब म्हणाले. "गेल्या वर्षी मुलं नव्हती, या वर्षी शाळाच नाही. माझं काम सोपं झालं. मी इथून खालापूरला जातो आणि जे दिसलं ते कळवतो."

त्यांनी दमणीच्या पायरीवर पाय ठेवला. मास्तर रेघेपर्यंत आले आणि थांबले. एक पाऊल टाकलं असतं तर काठ्या उठल्या असत्या, आणि पडवी कायमची गेली असती. मला अजून त्यांचे ते पाय आठवतात, चपलांच्या आत बोटं आवळलेली.

"सायेब," जनी मधे आली, "तुमाला आत जायचं नाय. पोरांना भायेर यायचं नाय. मंग साळा हितंच भरवा की. तुमी हिकडं, पोरं तिकडं. मधली रेघ तुमाला काय करते?"

"बाई, परीक्षा अशी रस्त्यावर होते का?"

जनीला कुणी बाई म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. तिला मात्र ते ऐकायला सवड नव्हती. "पडवीत बैलांच्या मांडीला मांडी लावून हुती, मंग रस्त्याव का नाय?"

साहेबांच्या मिशीत काहीतरी हललं. पण पाटील गरजले. "जने, तुला कोन इचारतंय? भगताला इचारल्याबिगर हितं काय बी हुनार नाय."

झालं. सगळ्यांनी जैतूकडे बघितलं. भगताला विचारायचं, आणि भगत तर बोलणार नाही! जैतूच्या मांडीवर काठी होती आणि दोन्ही मुठी काठीवर. डोळे लाल. तो बहिणीकडे असा बघत होता की दुसरी बाई असती तर ओढ्यापलीकडे पळाली असती.

जनी त्याच्यासमोर उकिडवी बसली. "दादा, आवाज रेघेवरून जातो. नजर जाते. मानूस जात नाय, वस्तू जात नाय. तुझं काय मोडत आसंल तर काठी आपट. मी सायबाला सोता वाटंला लावते."

जैतूच्या मुठी आवळल्या, मनगटावरच्या शिरा फुगल्या. काठी जागची हलली नाही.

"बगितलंत?" जनी उठत म्हणाली. "आता वाडीतली पोरं आनते."

"ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबेन," साहेब म्हणाले. "त्यापुढे नाही."

वाडीला जायचं म्हणजे अर्धा डोंगर चढायचा. जनी गेली आणि आमची वाट बघणं सुरू झालं. आम्हाला रेघेच्या आत धुळीत ओळीने बसवलं. साहेब बाहेर आंब्याखाली दमणीतली बैठक अंथरून बसले. सावली त्यांच्या बाजूला, ऊन आमच्या. त्यांना तहान लागली, पण आतून पाणी देता येईना. त्यांचा गाडीवान ओढ्यातल्या डबक्यातून तांब्या भरायला निघाला तर साहेबच ओरडले, "नको!" पाटील दर थोड्या वेळाने वर सूर्याकडे आणि मग मास्तरांकडे बघत. माझ्या आईने तर मला पदराखाली ओढून घरी न्यायचा दोनदा प्रयत्न केला. भीती दोन्हीकडे होती. साहेब गेला तर शाळा जाणार, आणि काही उणंअधिक झालं तर आम्हीच जाणार.

सावली आंब्याच्या बुंध्याशी आली. साहेबांनी छत्री उचलली. गाडीवान बैल जुंपायला लागला.

आणि डोंगराच्या बाजूने धुरळा दिसला. वाडीतली पोरं धावत येत होती, कुणी उघडं, कुणी शेंबडं, एक तर खांद्यावर शेळीचं पिल्लू घेऊन. सगळ्यांच्या मागे जनी, कमरेवर धाकटं पोर आणि हातात पाण्याने भरलेला पोकळ भोपळा. वाडीच्या झऱ्याचं पाणी होतं ते. तिने भोपळा साहेबांपुढे धरला. साहेबांनी भोपळ्याकडे बघितलं, जनीकडे बघितलं, वर उन्हाकडे बघितलं, आणि घटाघटा प्यायले. तेव्हा मला वाटलं, हा माणूस अगदीच वाया गेलेला नाही.

मोजणी झाली. आतली पोरं मास्तरांनी मोजली, बाहेरची साहेबांनी. दोन्ही मिळून तीस पुरली, शेळी न धरता. एक अट संपली. खालच्या यत्तांचे पाढे, कविता, पाट्या उंच धरून दाखवणं, हे सगळं रेघेवरून पार पडलं. मला साहेबांनी 'क्ष' काढायला सांगितला. मी काढला तो साहेबांना लांबून गणपती वाटला आणि ते "छान" म्हणाले.

मग चौथी. गजा आत, धाऊ बाहेर.

"तुमच्या गावाजवळून कोणती नदी वाहते?" साहेबांनी गजाला विचारलं.

"नदीच," गजा म्हणाला.

"तिचं नाव काय?"

"आमी तिला नदीच म्हनतो."

पाटलांनी कपाळाला हात लावला. गणितात गजाने आणखी मोठी मजल मारली, ती सांगत नाही. त्याची नातवंडं आहेत. राहिली धाऊ. आता सगळी शाळा तिच्या एकटीच्या जिभेवर.

पहिलीच अडचण, तिचं पुस्तक आत पडवीत. वस्तू बाहेर जायची नाही. मास्तरांनी पुस्तक आणलं, आणि गजाने ते रेघेच्या आत उभं राहून उघडून धरलं. पाटलांचा पोरगा ठाकराच्या पोरीपुढे पुस्तक धरून उभा, हे गावाने पहिल्यांदा बघितलं. धाऊ रेघेला पाय न लावता पुढे वाकून वाचायला लागली. पुस्तक जड झालं की गजाचे हात खाली येत, आणि तिची मान पुस्तकाबरोबर खालीवर होत होती. पण ती अडखळली नाही. गणित तिने काटकीने धुळीत केलं. साहेब वाकून बघून आले आणि मान हलवली. जनी बाजूला उभी होती, पदराचं टोक दातात धरून.

"शेवटचा प्रश्न," साहेब म्हणाले. त्यांनी तोरणाकडे बघितलं. "आरोग्याचा धडा झालाय ना? सांग, पटकी कशामुळे होते?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. धड्यात काय लिहिलंय ते आम्हाला, खालच्या यत्तांनाही माहीत होतं, कारण एका पडवीत सगळ्यांचं सगळं ऐकू यायचं. आणि जिने उत्तर द्यायचं, तिचा बाप तिच्यापासून हातभर अंतरावर, स्वतः बांधलेल्या तोरणाखाली बसला होता. गाव वाचवायला. उपाशी आणि मुका.

धाऊ बापाकडे बघत राहिली. पाटील पुढे सरकले. बाप्यांच्या हातातल्या काठ्या जमिनीवरून उचलल्या गेल्या.

"येत नाही का?" साहेबांनी विचारलं.

जनीच्या तोंडातून पदर सुटला. मला वाटलं, आता ही ओरडणार. पण ती एवढंच म्हणाली, "धाऊ, येतंय ते सांग गं. पुढचं मी बगते."

धाऊने बापावरची नजर काढून साहेबांकडे वळवली. "घान पान्यानं हुते," ती म्हणाली. "आजारी मानसाची घान पान्यात मिसळती. त्ये पानी दुसऱ्यानं पिलं की त्याला बी हुते. एका गावचं मानूस दुसऱ्या गावात जातं, त्याच्यासंगं ती जाते." मग थोडी थांबून म्हणाली, "म्हनून बाबानं आज कुनाला आत सोडलं नाय."

काठ्या तशाच राहिल्या, वर ना खाली. साहेबांनी छत्री मिटली.

"मुलगी पास आहे," ते म्हणाले. "शाळा राहील. पण मास्तर, नीट ऐका. वाडीतली मुलं नसतील तर तुमचे तीस भरत नाहीत. ती रोज आली पाहिजेत. यायची थांबली, तर मी परत येणार नाही, नुसता हुकूम येईल."

दमणी निघून गेली. मास्तर तिथेच धुळीत बसले. जनी हसली नाही, कारण तिला कळलं होतं की काम संपलं नाही. वाडीतली पोरं येतील की नाही हे ठरवणारा रेघेवर बसला होता, आणि त्याचं तोंड उद्या उघडणार होतं. भगताने जर म्हटलं, पोरांना शाळेत धाडू नका, तर वाडीतलं एकही घर धाडलं नसतं. खुद्द जनीचंसुद्धा काही चाललं नसतं. आज तो बोलू शकत नव्हता म्हणून तर तिला बोलता आलं होतं.

पाटील जाता जाता म्हणाले, "जने, गावात एका जरी लेकराला उलटी झाली, तर ध्यानात ठेव."

"ठेवते," जनी म्हणाली. ती पोरांना वाडीवर सोडून परत आली आणि रेघेच्या बाहेर, भावापासून थोडी लांब बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना अख्खं गाव वेशीवर. डोंगराच्या कड्यावर ऊन आलं. जैतूने तोरण उतरवलं, पायाने राखेची रेघ मोडली आणि ओढ्यात तोंड धुवायला निघाला. डबक्यापाशी गेला, पाण्याकडे बघितलं आणि हात न बुडवता परत आला. मास्तरांसमोर येऊन उभा राहिला.

"मास्तर," जैतू म्हणाला. दिवसभर न वापरलेला आवाज, घोगरा. "पोरगी बोलली त्ये पुस्तकात हाय?"

"पाण्याचं आहे," मास्तर म्हणाले.

"आन माझं?"

"ते नाही. ते तिचं तिने सांगितलं."

जैतू पाटलांकडे वळला. "पाटील, ह्या डबक्याचं पानी आजपासून कुनी घ्यायचं नाय. आमच्या झऱ्याव या. पोरं रोज हितं येत्यात, तुमी रोज तितं या."

पाटलांच्या घरची पहिली घागर त्याच सकाळी झऱ्यावर गेली. पुढचे आठ-दहा दिवस प्रत्येक आई आपल्या लेकराचं कपाळ चाचपत होती. कुणाला काही झालं नाही. तोरणाने की पाण्याने, त्यावर गावात दोन तट पडले ते अजून मिटलेले नाहीत. धाऊ पुढे कर्जतला शिकायला गेली, पुढल्या वर्षी आणखी दोघं गेली.

जैतूने पोरांना कधी अडवलं नाही. जनीशी मात्र तो आगोटीपर्यंत, पाऊस तोंडावर येईपर्यंत, बोलला नाही. घरात ती भाकरी वाढायची आणि तो खाली मान घालून खायचा. माझ्या आईने एकदा तिला विचारलं, एवढा राग कशाचा गं, सगळं तर बरं झालं.

"राग न्हवं," जनी म्हणाली. "त्याला कळलंय, त्यो बोलायला लागला की मी धाऊच्या कर्जतच्या साळंचं बोलनार. मंग त्याची लेक दूर जायची हाय. जरा वेळ मागतोय त्यो."

आणि मोळी डोक्यावर घेऊन ती निघाली.